इंजिन बदललं, काटा तोच राहिला

१७४२ साली अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने तापमान मोजण्याची जी पट्टी मांडली, तिच्यावर पाणी शून्य अंशाला उकळायचं आणि शंभर अंशाला गोठायचं. वाचताना छपाईची चूक वाटते, पण ती नाही. मूळ पट्टी खरोखर तशीच होती. पुढच्या काही वर्षांत ती उलटी केली गेली आणि आज आपण शाळेत शिकतो तो क्रम रूढ झाला. पाण्यात काहीच बदल झाला नव्हता. बदललं ते माणसांनी आपसात ठरवलेलं.

मोजमापाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसते. आकडा निसर्गातून येत नाही, तो ठरावातून येतो. ठराव सगळ्यांना माहीत असेल तोवर आकडा खरा. ठराव करणाऱ्या दोघांपैकी एक जण बदलला आणि दुसऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तर आकडा तसाच दिसत राहतो, फक्त त्याचा अर्थ नाहीसा होतो.

याचं मला सगळ्यात जवळून माहीत असलेलं उदाहरण म्हणजे आमची जीप. मी राहतो डोंगरीला. मुंबईच्या जेलजवळची डोंगरी नव्हे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागणारं, मिरा-भाईंदर महापालिकेतलं गाव. आमच्या घरी महिंद्राची सीजे-३बी आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं, आता डिझेलचं आहे. आरसी बुकात या बदलाची नोंद आहे: नवा इंजिन नंबर, आणि इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच्या जागी डिझेल. पण डॅशबोर्डवरचा हीटचा काटा जुनाच राहिला होता. नव्या इंजिनाशी त्याचं जमलं का, कुणी जमवलं, कसं, याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. आरसी बुकात त्यासाठी रकानाच नाही.

देशभरात अशा कितीतरी गाड्यांची इंजिनं बदलली गेली. त्या प्रत्येक गाडीत हा प्रश्न कुणीतरी सोडवला, किंवा तसाच सोडून दिला. हा लेख त्या नोंद नसलेल्या कामाबद्दल आहे.

झाकणावरचं थर्मामीटर

पहिल्या मोटारींना हीटचा काटा नव्हताच. इंजिन तापलं हे वाफ दिसली की कळायचं, आणि वाफ दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. १९१२ साली अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचं उपकरण आलं. ते रेडिएटरच्या झाकणावरच बसायचं. आत साधं थर्मामीटर, बाहेर गोल काच, आणि ड्रायव्हर सीटवर बसून बॉनेटच्या टोकाकडे बघत ते वाचणार. गंमत अशी की ते पाण्याचं नव्हे, पाण्याच्या वर साचलेल्या वाफेचं तापमान दाखवायचं. पण निदान ते जिथे बसलं होतं तिथलंच दाखवत होतं. मोजणारा आणि दाखवणारा एकच होता.

मग काटा बॉनेटवरून डॅशबोर्डवर आला. त्यासाठी १८४९ सालचा एक शोध कामी आला. युजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने वाकवलेली चपटी धातूची नळी बनवली होती. आतला दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. वाफेच्या इंजिनांचा दाब मोजायला तिचा उपयोग झाला, आणि पुढे तीच युक्ती मोटारीत आली. इंजिनाच्या पाण्यात एक छोटा बल्ब, त्यात ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डपर्यंत, आणि तिथे बूर्दाँची नळी. पाणी तापलं की द्रवाची वाफ होते, दाब वाढतो, काटा सरकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये असाच काटा होता.

या जुन्या काट्याचा एक गुण आज लक्षात येतो. बल्ब, नळी आणि काटा हे एकच सीलबंद अंग होतं. ते तोडता येत नव्हतं, तोडलं तर मरायचं. त्यामुळे इंजिन बदललं तरी बल्ब जुन्या इंजिनातून काढायचा, आटे जुळवणारा पितळी बुश लावून नव्यात बसवायचा, की काम झालं. काटा पूर्वीइतकाच खरा राहायचा.

मधली तार

ही जोडी फुटली विजेमुळे. १८३३ साली मायकेल फॅरेडेला दिसलं होतं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते. धातूंचं याच्या नेमकं उलट असतं. जवळजवळ शंभर वर्षं हे निरीक्षण पुस्तकात पडून होतं. १९३० साली सॅम्युएल रुबेन या अमेरिकी संशोधकाने त्यातून वापरण्याजोगा घटक तयार केला. त्यालाच आज आपण थर्मिस्टर म्हणतो. तापमान वाढलं की विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, कमी होतो.

यातून मोटारीचा काटा दोन तुकड्यांत विभागला गेला. इंजिनात सेन्सर, डॅशबोर्डवर मीटर, मध्ये एक साधी तार. सेन्सरचा रोध कमी झाला की मीटरमधून जास्त प्रवाह जातो आणि काटा गरमकडे सरकतो. तार कुठूनही नेता येते, तुटली तर जोडता येते, सेन्सर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. स्वस्त आणि सोयीचं.

पण आता काट्याला तापमान कळत नाही. त्याला फक्त रोध कळतो. 'अमुक ओहम म्हणजे अमुक अंश' हे सेन्सर बनवणाऱ्याने आणि मीटर बनवणाऱ्याने आधी ठरवलेलं असतं, आणि मीटरवरचे आकडे त्या ठरावानुसार छापलेले असतात. सेल्सिअसच्या पट्टीबाबत पुढे जगाचं एकमत झालं. या सेन्सरांबाबत तसं झालं नाही. जर्मन कंपन्यांचं एक कोष्टक, अमेरिकी कंपन्यांचं दुसरं, ब्रिटिशांचं तिसरं. आपल्याकडे १९७५ पासून कोइम्बतूरच्या प्रिकॉलसारखे कारखाने मीटर बनवू लागले, तेही ज्या गाडीसाठी बनवायचे तिच्या कोष्टकाप्रमाणे.

एकाच कारखान्यातून गाडी पूर्ण तयार होऊन येते तोवर याचा कुणालाच त्रास नाही.

उंच बॉनेटची गोष्ट

आता जीपकडे येऊ. महिंद्रा कंपनी १९४५ साली सुरू झाली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली. ज्या सीजे-३बीला आपल्याकडे सगळे नुसतं 'जीप' म्हणतात, ती अमेरिकेत १९५३ साली आली. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. आधीच्या जीपच्या चेसिसवर विलीजने 'हरिकेन' नावाचं नवं, जास्त उंच इंजिन बसवायचं ठरवलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. म्हणजे ज्या गाडीची इंजिनं आपल्याकडे इतकी बदलली गेली, ती जन्मालाच इंजिन बदलण्यातून आली होती. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ साली थांबलं. महिंद्राने ते पुढेही चालू ठेवलं.

हरिकेन पेट्रोल प्यायचं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं. सरकारी धोरणामुळे डिझेल पुढची कित्येक दशकं पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त राहिलं. डिझेलचे दर सरकारने बाजारावर सोडले ते २०१४ साली. मधल्या काळात जीपवाल्यांनी तेच केलं जे कुणीही करेल: गाडी ठेवली, इंजिन बदललं. महिंद्राने स्वतः ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं. १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० बनू लागलं. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी.

अपघातात गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या जीपमधलं डिझेल इंजिन जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवणं हा नेहमीचा धंदा झाला. आमच्या जीपमध्ये आलं तेही असंच, एक्सडीपी. इंजिनाचे माउंटिंग, क्लच, गिअरबॉक्सची जुळणी, यावर मिस्त्री लोक तासन् तास बोलतील. हीटचा काटा शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, 'तेवढी तार जोड रे' या सदरात यायचा.

आणि तिथेच ठराव मोडायचा. अमेरिकी वंशाच्या डॅशबोर्डवर अमेरिकी पद्धतीचं मीटर, फ्रेंच वंशाच्या इंजिनात वेगळाच सेन्सर. जुना सेन्सर नव्या इंजिनात लावावा तर त्याचे आटे इंचातले आणि निमुळते, इंजिनाचं भोक मिलिमीटरचं. म्हणून इंजिनासोबत आलेलाच सेन्सर ठेवायचा आणि तार जुन्या मीटरला. काटा हलायचा. हलतोय म्हणजे चालतोय, असं सगळे धरून चालायचे.

पातेलं, थर्मामीटर, मल्टिमीटर

काटा हलतोय आणि तरीही खोटं सांगतोय, म्हणजे किती खोटं? आकड्यांत बघू.

व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या एका प्रचलित सेन्सरचं कोष्टक साधारण असं आहे: ४० अंशाला २८७ ओहम, ६० ला १३४, ८० ला ६९, ९० ला ५१, १०० ला ३८ आणि १२० ला २२. समजा मीटर या कोष्टकाचं आहे आणि इंजिनात असा सेन्सर बसला की ज्याचा रोध प्रत्येक तापमानाला याच्या दुप्पट आहे. इंजिनाचं पाणी १०० अंशाला पोचलं. सेन्सरने ७७ ओहम दाखवले. मीटरच्या कोष्टकात ७७ ओहम म्हणजे जेमतेम ७७ अंश. काटा मधल्या हिरव्या पट्ट्यात निवांत. आत पाणी खदखदतंय आणि ड्रायव्हर गाणी ऐकतोय. पुढची पायरी म्हणजे हेड गॅस्केट उडणं, हेड वाकणं, आणि नवं बसवलेलं इंजिन परत उतरवणं.

आमच्या जीपचं जमवताना आमचे मिस्त्रीकाका मला म्हणाले, "काट्याला विचारू नकोस, पाण्याला विचार."

पाण्याला विचारायची पद्धत घरात करता येते. सेन्सर काढून तारेने पातेल्यात लोंबकळता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, वरचं टोक कोरडं ठेवायचं. शेजारी थर्मामीटर. मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या टोकाला, दुसरी त्याच्या पितळी अंगाला. गॅस मंद ठेवायचा आणि दर दहा अंशांनी रोध वहीत लिहायचा. पाणी उकळलं की थर्मामीटरचीही परीक्षा होते. डोंगरी समुद्रसपाटीच्या जवळ आहे, इथे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशालाच उकळतं. हाच प्रयोग महाबळेश्वरला केला तर ते ९५-९६ अंशालाच उकळायला लागेल. बंद रेडिएटरमध्ये मात्र दाबामुळे उत्कलनबिंदू वर सरकतो, ७ पीएसआयच्या झाकणाखाली साधारण १११ अंशांपर्यंत. म्हणूनच गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. दाब गेला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

ही झाली सेन्सरची बाजू. आता मीटरची. सेन्सरच्या जागी माहीत असलेले रोध एकेक करून जोडायचे आणि काटा कुठे थांबतो ते लिहायचं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की ठराव कुठे मोडलाय ते दिसतं.

जुळवायचे मार्ग तीन. सगळ्यात चांगला म्हणजे मीटरच्याच जोडीचा सेन्सर, योग्य बुश लावून, इंजिनात बसवणं. भोक एकच असेल आणि त्यातला सेन्सर आणखी कशाला लागत असेल, तर पाण्याच्या होजमध्ये टी-जोड घालून दुसरा बसवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या सेन्सरशी जुळणारं मीटर घेणं. तिसरा, बाजारात सगळ्यात जास्त चालणारा, म्हणजे तारेत एखादा रेझिस्टर घालून काटा 'बरोबर जागी' आणणं.

तिसऱ्यात फसगत आहे. वरच्याच उदाहरणात सेन्सरला समांतर ७७ ओहमचा रेझिस्टर लावला, तर १०० अंशाला मीटरला नेमके ३८ ओहम दिसतील आणि काटा अगदी बरोबर येईल. पण ६० अंशाला सेन्सरचे २६८ आणि रेझिस्टरचे ७७ मिळून साधारण ६० ओहम होतात, आणि काटा ८५ दाखवतो. १२० अंशाला मिळून २८ ओहम, आणि काटा १११ च्या आसपास अडतो. म्हणजे काटा एकाच जागी खरा. त्याच्या खाली उगाच घाबरवणारा आणि वर, जिथे खरा धोका, तिथे धीर देणारा. दुसरा इलाजच नसेल तर निदान तो एक बिंदू नीट निवडावा, आणि इतर ठिकाणी काटा किती चुकतो ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावं. आमच्या जीपला आम्ही जोडीचा सेन्सर आणि बुश लावला. आटे गळू नयेत म्हणून गुंडाळायची टेप जेमतेम लावली, कारण एकपिनी सेन्सरची अर्थ त्याच्या आट्यांतूनच जाते. टेपचं जाड वेटोळं झालं की अर्थ कमजोर.

खाऱ्या हवेतली अर्थ

अर्थचा मुद्दा आमच्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचा आहे. खाऱ्या हवेने जोड गंजतात, आणि गंज म्हणजे वाढीव रोध. १०० अंशाला ३८ ओहम असलेल्या सेन्सरच्या वाटेत गंजाने १५ ओहमची भर घातली, तर मीटरला ५३ दिसतात. काटा ९० च्याही खाली. तार निसटली तर बहुतेक मीटरांचा काटा थंडवर जाऊन बसतो. पाणी गळून सेन्सर उघडा पडला तर तो पाण्याऐवजी हवा-वाफ मोजतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. तार बॉडीला घासून अर्थ झाली तरच काटा उगाच गरमवर जातो. थोडक्यात, या काट्याचे बहुतेक बिघाड एकाच दिशेने जातात: सगळं ठीक आहे, असं सांगण्याच्या.

डोंगरीहून पुढे उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर हा प्रश्न जीपपेक्षा मोठा होतो. महाराष्ट्राच्या मासेमारी बोटींत अशोक लेलँडसारख्या कंपन्यांची, मुळात ट्रकसाठी जन्मलेली इंजिनं समुद्रासाठी बदलून वापरली जातात. बोटीत वारा अंगावर घेणारा रेडिएटर नसतो. इंजिनाचं गोडं पाणी नळ्यांतून फिरतं आणि बाहेरून ओढलेलं समुद्राचं पाणी त्याला थंड करतं. ते पाणी ओढणाऱ्या तोंडाशी एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी थंडावा संपला. आणि किनाऱ्यापासून काही तासांवर गॅरेज नसतं. त्यात डोल पसरणं आणि उचलणं भरती-ओहोटीच्या वेळेवर. इंजिनाला विश्रांती देत बसायला सवड नसते.

म्हणून अनुभवी तांडेल एका काट्यावर विसंबत नाही. बोटीच्या कुशीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे त्याचं लक्ष असतं. धार बारीक झाली की काटा काहीही सांगो, तो इंजिनचा वेग उतरवतो. काट्याला दुसरा साक्षीदार हवा, हे त्याला कोष्टकाशिवाय माहीत आहे.

४० वजा करा

आजच्या गाड्यांत हा काटा जवळजवळ नाहीसा झालाय. अनेक मॉडेलांत फक्त दोन दिवे: निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे थांबा. जिथे काटा आहे तिथेही तो सेन्सरला थेट जोडलेला नसतो. सेन्सरचा रोध कॉम्प्युटर वाचतो आणि काटा कुठे ठेवायचा ते प्रोग्राम ठरवतो. बऱ्याच गाड्यांत ठरावीक पट्ट्यात तापमान दहा-वीस अंशांनी वरखाली झालं तरी काटा मुद्दाम मध्यावरच धरून ठेवतात, म्हणजे ग्राहक उगाच काळजी करत सर्व्हिस सेंटरला येत नाही.

पण दुसऱ्या बाजूला असं काही घडलंय जे जीपच्या काळात कधीच घडलं नव्हतं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली एक ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा रीडर लावला की इंजिनाच्या पाण्याचं तापमान थेट फोनवर दिसतं, काट्याने लपवलेल्या चढउतारांसह. गाडी पाठवते तो ० ते २५५ मधला एक आकडा. त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. १४० आला तर १०० अंश. आतला सेन्सर कुठल्याही देशाच्या कोष्टकाचा असो, बाहेर येणारा आकडा याच नियमाने वाचायचा, आणि नियम छापील, सगळ्यांसाठी खुला आहे.

मिस्त्र्यांच्या तीन पिढ्यांनी पातेल्यात पाणी उकळून जो ठराव गाडीगणिक नव्याने जुळवला, तो आता एका वजाबाकीत मावतो. तुमच्या गाडीचा काटा नेहमी मध्यावरच असेल, तर एकदा फोन जोडून बघा. काटा हलत नसताना आत काय चाललंय ते कळेल. आणि फोनवरचा आकडा आणि डॅशबोर्डवरचा काटा यांचं जमत नसेल, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरच्या झाकणाला ते पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.